सात नंबरची स्लाइड आणि एक घाईचा फोन

मे महिन्यात जळगावात पॅरफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा, कापायचा म्हणजे परीक्षाच. मेण वितळतं साठ अंशांच्या आसपास आणि बाहेर पारा ४४-४५ वर. मेण वितळत नाही, पण मऊ पडतं. मायक्रोटोमच्या, म्हणजे काप घेणाऱ्या यंत्राच्या, पात्याला चिकटतं, कापांची रिबन सुरकुतते, आणि चार मायक्रॉनची चकती पाण्यावर सोडली की गोधडीसारखी घड्या घालून बसते. आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ज्यांना सगळे नुसतं ‘भाऊ’ म्हणतात ते तंत्रज्ञ उन्हाळ्यात सकाळी बर्फाची लादी मागवतात. ब्लॉक बर्फावर पालथा, पाच-सहा काप, परत बर्फावर. बाहेरच्या माणसाला हा प्रकार कुल्फीच्या गाडीसारखा वाटतो. या प्रकरणात त्या बर्फाचं काम पडलं म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

रुग्ण पारोळा तालुक्यातले, वय ६६. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आजाराचे नाहीत. कोरडवाहू चार एकर, त्यात कपाशी. घरचे, गावचे सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणेन. वर्षभर रात्री चार-चार वेळा उठायचे, धार बारीक झालेली, ‘वयानं होतं’ म्हणून दुर्लक्ष. एका लग्नाहून परतल्यावर लघवी पूर्ण तुंबली. रात्री नळी टाकली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५८ ग्रॅमची. चौथ्या दिवशी, नळी आत असतानाच, कुणीतरी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या संशयासाठी पाहतात ती रक्ततपासणी, काढून घेतला : ९.२. साधारण ४ च्या वर गेला की चौकशी सुरू होते, म्हणून हा आकडा फाइलवर लाल पेनानं गोल करून आला. खरं तर लघवी तुंबली, नळी घातली, जंतुसंसर्ग झाला, यातल्या कशानंही पीएसए चढतो, आणि खाली यायला काही आठवडे लागतात. असा आकडा वाचण्यात अर्थ नसतो. पण लाल गोल एकदा पडला की डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्याही हलला नाही.

युरोसर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, म्हणजे टीयूआरपी. मूत्रमार्गाभोवती वाढलेली ग्रंथी आतून खरवडून काढतात आणि तिच्या चिप्स, खोबऱ्याच्या कातळ्यांसारख्या, फॉर्मॅलिनच्या बरणीत आमच्याकडे येतात. या बरणीत ३४ ग्रॅम होत्या. सगळ्याच कासेटमध्ये (ज्यातून पुढे ब्लॉक बनतो त्या छोट्या डबीत) घालत बसलं तर दिवस जातो, म्हणून रूढ पद्धत अशी : पहिले १२ ग्रॅम सहा ते आठ कासेटमध्ये, पुढे दर ५ ग्रॅममागे एक. आमच्या हिशेबानं आठ आणि पाच, तेरा कासेट झाल्या. उरलेलं बरणीतच ठेवलं.

तेरापैकी बारा स्लाइड अगदी घरच्यासारख्या. ग्रंथींची वाढ, स्नायूची वाढ, थोडी सूज, आणि पोकळ्यांमध्ये कांद्यासारखे वळ्यांचे गुलाबी खडे, म्हणजे कॉर्पोरा अमायलेसिया. हे खडे दिसले की मी जरा सैलावते, कारण ते बहुतेक वेळा निरुपद्रवी ग्रंथीत असतात.

सात नंबरच्या स्लाइडवर एका चिपच्या कडेला, जेमतेम तीन मिलिमीटरच्या जागेत, लहान लहान ग्रंथी दाटीनं भरलेल्या होत्या. मोजल्या तर पस्तीसेक. मधे तंतुमय ऊती जवळजवळ नाही, पाठीला पाठ लावून बसलेल्या. मी सरळ चाळीसच्या भिंगावर गेले. पहिली चूक ती. चाळीसवर ग्रंथी गोल, एकाच थराच्या पेशींच्या वाटल्या. काही केंद्रकांत न्यूक्लिओलस, म्हणजे आतला ठिपका, दिसत होता, मोठा नाही, पण होता. आणि तीन ग्रंथींच्या पोकळीत टोकदार कडांचे, चकचकीत गुलाबी स्फटिक. विद्यार्थिदशेत घोकलेलं असतं : लहान ग्रंथी, दाटी, न्यूक्लिओलस, स्फटिक. त्यात फाइलवरचा लाल गोल. मनात सर्वांत कमी श्रेणीच्या कॅन्सरचं वाक्य तयारच झालं : ग्लीसन ३+३=६, ग्रेड ग्रुप १, एकाच चिपमध्ये, पाच टक्क्यांपेक्षा कमी.

लिहिलं नाही, पण सर्जनना फोन केला. माझे शब्द मला नीट आठवतात : “एका चिपमध्ये संशय येतोय, लो ग्रेड असावं, इम्युनो करून सांगते.” (इम्युनो म्हणजे प्रतिपिंडांनी पेशी रंगवून पाहणं.) त्यांनी ऐकलं ते बहुधा एवढंच. त्यांच्या ओपीडीत आप्पांचा मुलगा समोरच बसलेला होता. ‘संशय’ हा शब्द पारोळ्याच्या एसटीत चढलाच नाही. गावात पोहोचला तो ‘कॅन्सर निघाला’.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लॅबचं शटर अर्धं खाली ओढलेलं असताना, आप्पा स्वतःच आले. डोक्याला पांढरा रुमाल, हातात कापडी पिशवीत सगळी फाइल. मुलगा सोबत नव्हता. तो कुठं गेला होता ते नंतर कळलं. खुर्चीवर न बसता त्यांनी विचारलं, “मॅडम, माले कॅन्सर शे का नही, इतलंच सांगा.” मी म्हटलं, आप्पा, अजून तपासणी चालू आहे, आठ-दहा दिवस लागतील. त्यांनी थोडा वेळ मायक्रोस्कोपकडे बघितलं. “वावर इकनं पडी का?” शेत विकावं लागेल का, हा प्रश्न माझ्यासाठी नव्हता, पण दुसऱ्या कुणाला विचारायचा हेही त्यांना माहीत नसावं.

ते गेल्यावर मी सात नंबरची स्लाइड परत लावली. या वेळी सगळ्यात छोट्या, चारच्या भिंगाखाली. आणि लावल्या लावल्या अंगावर काटा आला, कारण चाळीसवर जे दिसलं नव्हतं ते इथं ढळढळीत होतं.

मिरचीच्या रोपांचा वाफा पाहिला असेल. रोपं इवलीशी, एकमेकांना खेटून, पण वाफ्याच्या वरंब्याच्या आत. त्याउलट कपाशीच्या ओळींमध्ये शिरलेलं तण : त्याला ओळ नाही, वरंबा नाही, जिथं फट तिथं ते. कमी श्रेणीचा कॅन्सर तणासारखा वागतो. मोठ्या, निरोगी ग्रंथींच्या मधून त्याच्या लहान ग्रंथी घुसतात, आणि शेजारच्यांहून त्या वेगळ्या जातीच्या दिसतात : कोशिकाद्रव गडद, केंद्रक मोठं, आतली कड सरळ कापल्यासारखी. माझ्या चिपमध्ये वाफा होता. कडा गोलसर, ठळक. वाफ्याच्या मधोमध दोन-तीन मोठ्या, नागमोडी, निर्विवाद निरुपद्रवी ग्रंथी, आणि त्यांच्यापासून फुटवे निघावेत तशा या लहान ग्रंथी. मोठीचं कोशिकाद्रव फिकट आणि लहानीचंही तेवढंच फिकट. मोठीचं केंद्रक आणि लहानीचं केंद्रक शेजारी ठेवले तर कुठलं कुणाचं सांगता येऊ नये. एका जागी तर मोठी ग्रंथी हळूहळू अरुंद होत लहान ग्रंथींत विरघळताना दिसत होती.

कॅन्सरसारख्या दिसणाऱ्या या निरुपद्रवी वाढीला ॲडिनोसिस म्हणतात, जुन्या पुस्तकांत ॲटिपिकल ॲडिनोमॅटस हायपरप्लासिया. नावात ‘ॲटिपिकल’ असल्यामुळे निम्मा गोंधळ तिथंच होतो. प्रोस्टेटच्या आतल्या भागात, ट्रान्झिशन झोनमध्ये, म्हणजे जिथून टीयूआरपीच्या चिप्स येतात नेमक्या तिथं ते सापडतं. कॅन्सर बहुतांशी बाहेरच्या, मागच्या भागात उगवतो. जागेचा हा साधा हिशेबसुद्धा आदल्या दिवशी माझ्या डोक्यात आला नव्हता.

आणि ते स्फटिक? ते ॲडिनोसिसमध्येही असतात, बऱ्यापैकी वेळा. त्यांनी माझी दिशाभूल केली म्हणण्यापेक्षा मीच त्यांना गरजेपेक्षा जास्त मान दिला. एकट्याच्या बळावर कॅन्सर ठरवणाऱ्या खुणा मोजक्याच आहेत : मज्जातंतूला गोल वेढा घालून बसलेल्या ग्रंथी, ग्रंथीच्या आत मूत्रपिंडातल्या गुच्छासारखी पेशींची गोळी, आणि ग्रंथीला चिकटलेले तंतुमय श्लेष्म्याचे गाठोडे. यातलं सात नंबरवर काहीही नव्हतं. मज्जातंतूला नुसती टेकलेली ग्रंथी मात्र पुरेशी नाही. निरुपद्रवी ग्रंथीही कधी कधी टेकतात.

तरी डोळ्यांवर सोडून भागत नव्हतं. प्रश्न होता बेसल पेशींचा. प्रोस्टेटच्या निरोगी ग्रंथीला दोन थर असतात : आत स्राव करणाऱ्या उंच पेशी, बाहेर चपट्या बेसल पेशी. नेहमीच्या कॅन्सरमध्ये हा बाहेरचा थर नाहीसा होतो. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात चपटी बेसल पेशी आणि तंतूंमधली फायब्रोब्लास्ट यांत फरक करणं म्हणजे संध्याकाळी लांबून गुरं ओळखण्यासारखं आहे. म्हणून इम्युनो : ३४ बीटा ई १२ हे प्रतिपिंड बेसल पेशींच्या द्रवाला तपकिरी रंगवतं, पी ६३ त्यांच्या केंद्रकाला. तिसरा ॲमाकार, याचंच दुसरं नाव पी ५०४ एस. तो उलट कॅन्सरच्या पेशींत ठसठशीत, दाणेदार उमटतो.

तीन मिलिमीटरची जागा असली की ब्लॉक एकदा मशीनवर चढवून, पातं लावून, सपाट करेपर्यंतच ती संपू शकते. इथं भाऊंचा बर्फ कामाला आला. ब्लॉक अर्धा तास बर्फावर ठेवून त्यांनी पहिल्याच पकडीत, एकही काप वाया न घालवता, सलग आठ काप घेतले. एक, चार आणि आठ नंबरचे साध्या रंगासाठी, मधले पाच न रंगवता चिकट लेपाच्या स्लाइडवर. “जागा अजून शे,” रंगवलेली आठवी दाखवत ते म्हणाले. इम्युनोची सोय आमच्याकडे नाही. स्लाइड मुंबईला गेल्या. ब्लॉक मात्र मी पाठवला नाही. मे महिन्यात बंद गाडीत पार्सल तापलं तर मेणाचं काय होईल याचा भरवसा नाही, आणि तो तीन मिलिमीटरचा तुकडा आप्पांच्या बाजूनं असलेला एकमेव साक्षीदार होता.

मधल्या दिवसांत बरणीतलं उरलेलं सगळं घातलं. लहान कॅन्सर असल्याचा संशय आला की उरलेल्या ऊतीही तपासायच्या असतात, कारण एकूण ऊतींच्या ५ टक्क्यांपर्यंत असेल तर कॅन्सरचा टप्पा टी १ ए, त्याहून जास्त तर टी १ बी, आणि पुढचा सल्ला त्यावर ठरतो. आणखी आठ कासेट झाल्या. आठही स्वच्छ.

नवव्या दिवशी स्लाइड परत आल्या. ३४ बीटा ई १२ वर बऱ्याच लहान ग्रंथींभोवती तपकिरी रेघ होती, पण अखंड नाही. तुटक, जुनी दोरी जागोजागी झिजावी तशी. काही ग्रंथींना एकच ठिपका. सात-आठ ग्रंथी पूर्ण कोऱ्या. पी ६३ वरही तेच, केंद्रकांचे विरळ ठिपके. ॲमाकार पाच-सहा ग्रंथींत फिका उमटलेला.

इथं दुसरा सापळा असतो. घाईत पाहणारा कोऱ्या ग्रंथी आणि फिका ॲमाकार यांची बेरीज करून कॅन्सर लिहून मोकळा होईल. पण ॲडिनोसिसची खूणच ही : बेसल थर तुटक असतो, काही ग्रंथींत तर सापडतच नाही. कॅन्सर म्हणायचं तर त्या पुंजक्यातल्या सगळ्या संशयित ग्रंथी कोऱ्या हव्यात, आणि शेजारची निरोगी ग्रंथी त्याच स्लाइडवर नीट रंगलेली हवी, म्हणजे रंग लागला होता याची खात्री पटते. एकाच कुटुंबातल्या बहुतेकांना कुंपण आहे आणि दोघातिघांचं मोडलंय, म्हणून ते दोघे परके ठरत नाहीत. ॲमाकारही ॲडिनोसिसच्या काही नमुन्यांत उमटतोच. नेफ्रोजेनिक ॲडिनोमा ही निरुपद्रवी वाढ तर आणखी वस्ताद : ॲमाकार जोरात, बेसल खुणा बहुधा नाहीतच, आणि मूळ उगम प्रोस्टेटचा नव्हे तर मूत्रपिंडाच्या नलिकांकडचा. तिथं पॅक्स ८ हे आणखी एक प्रतिपिंड लावून पाहावं लागतं. आप्पांच्या चिपमध्ये त्याचा प्रश्न आला नाही, पण नळी, ऑपरेशन असं काही होऊन गेलेल्या माणसात त्याची आठवण ठेवलेली बरी.

सुईच्या बायोप्सीत माझा जास्त घाम काढतं ते वेगळंच : पार्शल ॲट्रोफी, अर्धवट सुकलेली ग्रंथी. तिथं केंद्रकं पेशीच्या जवळजवळ पूर्ण उंचीइतकी, वर फिकट द्रवाची जेमतेम पट्टी, कडा नागमोडी, आणि बेसल थर पुन्हा तुटक. पूर्ण सुकलेली ग्रंथी ओळखायला सोपी, ती निळसर आणि आकसलेली दिसते. अर्धवट सुकलेली बरोबर कॅन्सरचा फिकटपणा उचलते. सेमिनल व्हेसिकलचा, म्हणजे प्रोस्टेटमागच्या वीर्यपिशवीचा, तुकडा सुईत आला तर राक्षसी, वेडीवाकडी केंद्रकं पाहून छाती धडधडते, पण पेशींत सोनेरी रंगाचे दाणे दिसले की जीव भांड्यात पडतो. कमी श्रेणीच्या कॅन्सरमध्ये केंद्रकं अशी राक्षसी होत नाहीत. प्रोस्टेटमध्ये भीतिदायक दिसणारं बऱ्याचदा निरुपद्रवी असतं, आणि शहाण्यासारखं दिसणारं बऱ्याचदा कॅन्सर. नव्या मुलांना हे पटवायला वेळ लागतो.

आमच्या आधीच्या पिढीला हा प्रश्न असा पडलाच नसता. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये आपली श्रेणीपद्धत मांडली तेव्हा त्यांच्या यादीत १ आणि २ नंबरचे नमुने होते : गोल, ठळक कडांचे, दाटीनं बसलेल्या एकसारख्या ग्रंथींचे पुंजके. वर्णन वाचलं तर माझी सात नंबरची स्लाइडच. तेव्हा बेसल पेशी रंगवायची सोय नव्हती. ती आल्यावर लक्षात आलं की एक नंबरचे कॅन्सर म्हणून नोंदलेल्यांपैकी बरेच ॲडिनोसिस असणार. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय युरोपॅथॉलॉजी संघटनेच्या बैठकीनं सुईच्या बायोप्सीवर २ ते ४ ही बेरीज (दोन नमुन्यांचे नंबर मिळवून येते ती) जवळजवळ हद्दपारच केली, आणि २०१४ च्या बैठकीनंतर ग्रेड ग्रुप आले, ज्यात ६ ही सर्वांत खालची पायरी. ६ ऐकून रुग्णाला ‘दहापैकी सहा, म्हणजे निम्म्याहून जास्त’ वाटायचं. ते टाळायलाच ही पायरी १ झाली.

म्हणजे समजा आप्पांना खरोखर ग्रेड ग्रुप १ असता, तरी या वयात, इतक्या थोड्या ऊतीत, बहुधा लक्ष ठेवत राहण्याचाच सल्ला मिळाला असता : ठरावीक काळानं पीएसए, तपासणी, लागलं तर एमआरआय आणि बायोप्सी. वावर विकण्याची वेळ तेव्हाही आली नसती. हे मी त्यांना त्या दुपारी सांगू शकले असते. सुचलं नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं : प्रोस्टेटची निरुपद्रवी वाढ, एका चिपमध्ये ॲडिनोसिस, सर्व ऊती तपासल्या, कॅन्सर आढळला नाही. खाली इम्युनोचे निष्कर्ष तुटक रेघेसकट, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी स्लाइड पाहिल्या तर कोऱ्या ग्रंथी माझ्या नजरेतून सुटल्या नव्हत्या हे त्याला कळावं. ‘संशयास्पद’ हा शब्द मुद्दाम टाळला. पुरावा अपुरा असेल तिथं तो प्रामाणिक शब्द आहे. इथं पुरावा पुरेसा होता, इथं तो फक्त माझं अंग काढून घेण्यापुरता उरला असता. ॲडिनोसिस ही कॅन्सरची आधीची पायरी असल्याचं सिद्ध झालेलं नाही, त्यावर वेगळा उपचार नाही. तीन महिन्यांनी, नळी आणि जंतुसंसर्ग दोन्ही मागे पडल्यावर, सर्जननी पीएसए परत काढला : १.४.

रिपोर्ट घ्यायला आप्पा आणि मुलगा दोघं आले. या वेळी आप्पा खुर्चीवर बसले. मी मराठीत सांगितलं, मग भाऊंनी अहिराणीत सांगितलं, मग मुलानं परत सांगितलं. आप्पांनी तिन्ही वेळा मान हलवली. मग माझ्याकडे पाहत विचारलं, “मंग कॅन्सर शे, हाई कोनी सांगं?”

मी म्हटलं, मी. फोनवर, तपासणी पुरी व्हायच्या आधी.

ते काही बोलले नाहीत. मुलगा मात्र बोलला. आप्पा लॅबमध्ये एकटे आले होते त्या दुपारी तो वावराचा सौदा करायला गेला होता. दोन एकरांचा इसार म्हणून २१ हजार घेऊन ठेवले होते. आता सौदा मोडायचा, तर घेणारा रिवाजाप्रमाणे दुप्पट परत मागत होता. पुढे गावातल्या चौघांनी बसून २५ हजारांवर मिटवलं, असं भाऊंना त्यांच्या पारोळ्याच्या पाहुण्यांकडून कळलं.

ते वरचे ४ हजार माझ्या फोनचे.